अँटेलोप कॅन्यनच्या गर्दीत फोटो काढायचे आहेत? मग निघण्याआधी हे वाचा

ॲरिझोनातल्या पेज गावाजवळची अँटेलोप कॅन्यन फोटोंमध्ये नेहमी रिकामी दिसते. केशरी भिंती, वरून उतरलेला उन्हाचा झोत आणि माणूस म्हणून कुणी नाही. प्रत्यक्षात तुमच्या पुढे दहा-पंधरा जणांचा एक गट असतो, मागे तेवढाच दुसरा, आणि गाईड सारखा ‘चला, पुढे सरका’ म्हणत असतो. मी फिनिक्सला राहते. भारतातून पाहुणे आले की व्हेगास-ग्रँड कॅन्यनच्या जोडीला हे ठिकाण यादीत असतंच, आणि निघायच्या आदल्या रात्री तेच ते प्रश्न येतात: ट्रायपॉड घेऊ का, आई-बाबांना जमेल का, तो झोत किती वाजता दिसतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मोबाइल किंवा एखादा कॅमेरा घेऊन जाणाऱ्या हौशी माणसासाठी हा लेख आहे. व्यावसायिक चित्रीकरणासाठी नावाहो नेशनची (नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या स्वशासनाची) वेगळी परवानगी लागते, त्यामुळे प्री-वेडिंग शूटचा बेत असेल तर तो इथेच सोडून द्या.

माझं मत आधीच सांगते. या घळीत जमिनीलगतची जागा गर्दीची आहे, ती तुम्हाला मिळणार नाही. डोक्याच्या वरची सगळी भिंत मात्र मोकळी असते आणि खरा रंगही तिथेच असतो. खालच्या जवळजवळ सगळ्या सूचना याच एका गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

१. कुठली अँटेलोप, ते आधी ठरवा

‘अँटेलोप कॅन्यन’ नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

अप्पर: गावातून किंवा हायवे ९८ लगतच्या पार्किंगमधून ट्रकमध्ये बसवून वाळूतून नेतात. आतली जमीन सपाट आहे. घळ खाली रुंद आणि वर अरुंद, म्हणून उन्हाचे ते प्रसिद्ध झोत इथेच पडतात. गर्दी सर्वांत जास्त आणि तिकीटही सर्वांत महाग. लांबी जेमतेम दोनशे मीटर.

लोअर: इथे पायी जायचं. सुरुवातीलाच उभ्या लोखंडी जिन्यांनी खाली उतरावं लागतं, आत आणखी शिड्या आहेत, आणि काही ठिकाणी पाऊल तिरकं टाकावं इतकी जागा अरुंद होते. वर रुंद आणि खाली निमुळती असल्याने उजेड जास्त येतो. अप्परच्या साधारण दुप्पट लांब, त्यामुळे फोटोला जागाही जास्त मिळतात.

अँटेलोप एक्स: त्याच ओढ्याचा वेगळा भाग. अजून फारसा प्रसिद्ध नाही, म्हणून गर्दीही त्या मानाने कमी.

चौथी म्हणजे बोटीची किंवा कायाकची सफर. लेक पॉवेल या तळ्याच्या पाण्यातून कॅन्यनच्या मुखाशी नेतात. सफर सुंदर असते, पण तुम्ही फोटोत पाहिलेल्या केशरी घळी त्यात येत नाहीत. नाव वाचून बुकिंग करणारे इथेच फसतात. व्हेगासहून दिवसभराच्या बसटूरचं तिकीट काढतानाही अप्पर की लोअर, हे स्पष्ट लिहिलंय का ते बघा.

पहिल्यांदा जाताय आणि गुडघे धड आहेत, तर लोअर घ्या. सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील तर अप्पर किंवा एक्स. पण अप्परमध्येही परतीच्या वाटेवर चढउतार असू शकतो, म्हणून ‘वयस्क माणसांना चालणं किती?’ हे बुकिंगआधी फोन करून विचारा. लोअरच्या जिन्यावर मध्येच बसून राहायची सोय नसते. मागचा गट येऊन थडकतो.

२. महिना आणि वेळ

झोत हवा असेल तर मार्चअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात आणि सकाळी ११ ते दुपारी दीडच्या दरम्यानची अप्परची टूर. सूर्य उंच असल्याशिवाय ऊन त्या फटीतून तळापर्यंत पोचत नाही. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे याच वेळेचं तिकीट आधी संपतं आणि जास्त पैशांना मिळतं.

आता जरा वाकडं बोलते. झोताचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं. पीटर लिक या छायाचित्रकाराच्या इथल्या एका कृष्णधवल फोटोला ६५ लाख डॉलर मिळाल्याचं त्याच्या कंपनीने २०१४मध्ये जाहीर केलं, त्या फोटोतही झोतच आहे. पण हवेत धूळ असल्याशिवाय झोत दिसत नाही. ती धूळ पुष्कळदा कुणीतरी वाळू उडवून केलेली असते, आणि तुमच्या वाट्याला त्या जागी काही सेकंद येतात. तेही चाळीस हात आणि चाळीस मोबाइल वर केलेले असताना.

त्याऐवजी भिंतींची झळाळी बघा. वरच्या कडेवर पडलेलं ऊन समोरच्या भिंतीवर उसळतं, तिथून पुन्हा खाली, आणि दर उसळीला ते अधिक तांबूस होत जातं. तळाशी, जिथे थेट ऊन पोचत नाही, तिथे निळ्या आकाशाचा उजेड मिसळून जांभळी छटा येते. एकाच फोटोत पिवळा, केशरी, जांभळा असे तीन रंग दिसतात ते यामुळे. या झळाळीला झोताची वेळ गाठावी लागत नाही. सकाळी साडेनऊ-दहालाही ती असते, हिवाळ्यात तर जांभळा रंग जास्तच खुलतो आणि माणसंही कमी असतात. डिसेंबरच्या सुट्टीत येणाऱ्यांनी ‘आता झोत नाही’ म्हणून हिरमुसण्याचं कारण नाही. फक्त ऊन हवं. ढगाळ दिवशी भिंती मातकट दिसतात.

३. बुकिंग आणि कागदपत्रं

ही जागा नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे. १९९७पासून ती त्यांचं ट्रायबल पार्क (जमातीचं स्वतःचं उद्यान) आहे, आणि नावाहो नेशनने परवानगी दिलेल्या कंपनीच्या गाईडशिवाय आत सोडत नाहीत. गेटवर जाऊन तिकीट काढू, असा विचार उन्हाळ्यात तरी करू नका. अधिकृत कंपन्यांची यादी नावाहो पार्क्सच्या संकेतस्थळावर असते. तिथूनच कंपनीच्या पानावर जा.

सोबत ठेवायचं:

- बुकिंगची पावती, मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून. गावाबाहेर नेटवर्कचा भरवसा नाही.
- फोटो असलेलं ओळखपत्र. भारतातून आलेल्यांचा पासपोर्ट.
- ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड.
- लहान मूल असेल तर कार सीट. अप्परच्या ट्रकसाठी ती मागतात, नियम कंपनीला विचारून घ्या.
- गाईडच्या टिपेसाठी सुटे डॉलर.

तीन सापळे. पहिला: राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही, कारण हे राष्ट्रीय उद्यानच नाही. ग्रँड कॅन्यनला पास काढून आलेले लोक हमखास खिडकीवर वाद घालताना दिसतात. दुसरा: दिसणाऱ्या भावात नावाहो परमिटची फी धरली आहे की नाही ते तपासा. कुठे ती वेगळी घेतात. तिसरा: जीपीएसमध्ये नुसतं ‘अँटेलोप कॅन्यन’ टाकू नका. काही कंपन्यांची गाडी पेज गावातून सुटते, काहींची पार्कमधून. अँटेलोप पॉइंट मरीना तर तिसरीकडेच, तळ्याच्या काठाला आहे. पावतीवरचा पत्ता टाका.

४. घड्याळाचा घोळ

याला वेगळा मथळा देतेय, कारण टूर चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नावाहो नेशन करतं. शेजारचं युटाही करतं. अँटेलोप नावाहो जमिनीवर असली तरी टूर चालतात त्या ॲरिझोनाच्या, म्हणजे फिनिक्सच्या वेळेने. पेजमध्ये मोबाइल कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा, आणि पाच मिनिटांत तासाचा फरक दाखवतो. म्हणून आदल्या रात्रीच मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा आणि फिनिक्सची वेळ हाताने लावा.

व्हेगासहून येणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते, हिवाळ्यात व्हेगास एक तास मागे असतं. म्हणजे डिसेंबरमध्ये व्हेगासच्या घड्याळाने निघालात तर तासभर उशिरा पोचाल. उशिरा आलेल्याला पुढच्या टूरमध्ये घ्यायला कुणी बांधील नाही. एरवी व्हेगास किंवा फिनिक्स, दोन्हीकडून गाडीने साडेचार तास धरा. टूरच्या आधी अर्धा-पाऊण तास तिथे हजर हवं.

उलट, इथून उन्हाळ्यात युटातल्या झायन किंवा ब्राइस उद्यानाला जाताना तुमचा एक तास बुडतो. त्या संध्याकाळचं काही बुकिंग असेल तर हे धरून चाला.

५. काय न्यायचं, काय गाडीत ठेवायचं

पूर्वी खास छायाचित्रकारांसाठी ट्रायपॉडवाल्या टूर असत. अप्पर आणि लोअरमध्ये त्या आता बंद झाल्या आहेत. ट्रायपॉड, मोनोपॉड, सेल्फी स्टिक काहीच चालत नाही. बॅगही नाही. पाठीवरची सॅक नाही, कॅमेऱ्याची बॅग नाही, कमरेचा पाऊच किंवा पर्सही नाही. ड्रोनचं नावही काढू नका. व्हिडिओवर बहुतेक टूरमध्ये बंदी असते.

म्हणजे तुमच्यापाशी राहतं ते गळ्यातला कॅमेरा आणि खिशात मावेल तेवढं सामान. खिशांची पँट घाला. खिशात एक जास्तीची बॅटरी, एक कार्ड आणि लेन्स पुसायचा कपडा. पाण्याची बाटली हातात.

लेन्स एकच, आणि ती आत बदलायची नाही. वरून वाळू सतत भुरभुरत असते, वारा सुटला तर केसांत आणि दातांतही जाते. लेन्स बदलली की ती वाळू थेट सेन्सरवर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला १६-३५ किंवा २४-७०, क्रॉप (लहान) सेन्सरला १०-१८ किंवा कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स. आकडे मिलिमीटरचे, आकडा लहान तितकं दृश्य रुंद म्हणजे ‘वाइड’. सगळे वाइडच सांगतात, पण गर्दीच्या टूरवर मला २४-७० आवडते. वाइड लेन्समध्ये शेजाऱ्याचा कोपर येतोच. ७०वर भिंतीचा फक्त एक वळसा उचलता येतो.

लेन्सच्या पुढे यूव्ही फिल्टर (संरक्षक काच) लावा, हुड (कडेचं ऊन अडवणारी कड) लावा. हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवून लेन्सपाशी रबरबँड लावला की धुळीचा बंदोबस्त फुकटात होतो.

६. सेटिंग्ज बाहेरच करून घ्या

घळीत उतरल्यावर मेन्यू उघडत बसायला वेळ नसतो. रांगेत उभे असतानाच हे लावून टाका.

- फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या प्रकारात. इथे एकाच फ्रेममध्ये चकचकीत ऊन आणि दाट सावली असते, जेपेगमध्ये दोन्ही वाचत नाहीत.
- ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवायचं, बाकी कॅमेरा), एफ/४ ते एफ/५.६.
- ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवायची), कमाल ३२००. नवा कॅमेरा असेल तर ६४००पर्यंत जाऊ द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.
- किमान शटर १/६० सेकंद. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर १/१५पर्यंत उतरायला हरकत नाही.
- एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करण्याची सोय) उणे दोन-तृतीयांश. उजळ भाग जळला की परत मिळत नाही.
- व्हाइट बॅलन्स (रंग किती उबदार दिसावा ते) ‘क्लाउडी’ किंवा ६००० केल्विनच्या आसपास. ऑटोवर ठेवलात तर कॅमेऱ्याला केशरी रंग हा दोष वाटतो आणि तो दुरुस्त करून भिंती राखाडी करून टाकतो.
- फ्लॅश बंद. फ्लॅशने ती सगळी उसळलेल्या उजेडाची जादू सपाट होते, आणि बाकीचे चिडतात ते वेगळंच.

७. आत गेल्यावर

गटात शेवटी राहा. चढाओढ करून पुढे जाण्याचा काही उपयोग नाही, पुढच्याच्या पुढे आधीच्या गटाची शेपटी असते. शेवटच्या माणसाला मात्र आपला गट वळणाआड गेला की काही सेकंद रिकामी घळ मिळते. सुरुवातीलाच गाईडला सांगून ठेवा की मला फोटोंत रस आहे, मी शेवटी राहीन पण रेंगाळणार नाही. त्यांना अशी माणसं चालतात. न सांगता मागे राहणारी चालत नाहीत.

थांबायचं ते वळणावर. सरळ पट्ट्यात वीस डोकी दिसतात, वळणावर पुढचा माणूस दोन पावलांत भिंतीआड जातो. इथली घळ सारखी वळत असते, त्यामुळे ही संधी पुन्हा पुन्हा येते.

आता वर बघा. कॅमेरा उभा धरा आणि फ्रेमची खालची कड पुढच्या माणसाच्या टोपीच्या वर ठेवा. स्क्रीन उघडणारा कॅमेरा असेल तर हात उंच करून डोक्यांच्या वरून काढा. आकाशाची फट मात्र फ्रेममध्ये घेऊ नका. ती पांढरी फटक येते आणि नजर तिथेच अडकते. कड सुरू होण्याच्या जरा खाली थांबा, म्हणजे केशरीपासून जांभळ्यापर्यंतचा उतार पूर्ण मिळतो.

मागेही वळून बघत जा. सगळे पुढच्या दिशेला फोटो काढत असतात आणि उजेडाची बाजू पुष्कळदा मागे असते. लोअरमधली काही प्रसिद्ध रूपं मागे वळल्यावर किंवा मान एका विशिष्ट कोनात वर केल्यावरच दिसतात. वाऱ्यात केस उडालेली बाई, गरुड, समुद्रघोडा अशी नावं गाईडांनी खडकांना दिली आहेत. गाईड ‘इथून, असा धरा’ म्हणाला की तसा धरा. त्याची जागा दिवसाला दहा वेळा तपासलेली असते. त्याने दाखवलेला फोटो सगळ्यांकडे असतो हे खरं, पण तो एक काढून झाला की बाकीचे सेकंद तुमचे.

हात स्थिर ठेवण्यासाठी भिंतीला रेलू नका. वालुकाश्म मऊ आहे, हजारो कोपरांनी झिजतो, आणि गाईड ओरडतो. त्याऐवजी कॅमेऱ्याचा पट्टा मानेतून ताणून धरा, कोपर बरगड्यांना टेकवा, श्वास सोडताना शटर दाबा. तीन-चार फोटोंची बर्स्ट (एका दमात सलग) घ्या, त्यातला एक तरी धारदार येतो.

माणसं टाळताच येत नसतील तर एकाला मुद्दाम घ्या. साध्या, एकरंगी कपड्यातलं आपल्यापैकीच कुणी, पाठमोरं, वर बघणारं. ती भिंत केवढी उंच आहे ते त्याशिवाय कळत नाही. काकूंची गडद निळी साडी या केशरीवर जी उठून दिसते, तिला तोड नाही. पण साडी नेसून लोअरचा जिना उतरायचा असेल तर जरा उंच नेसायला सांगा आणि पायात बूट. गाईडचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. ही त्यांच्या दृष्टीने पवित्र जागा आहे, आरडाओरडा आणि रील यांच्यासाठी नाही.

आणि फोटो तपासत बसू नका. पहिल्या दोन फोटोंनंतर उजेड बरोबर येतोय ना एवढं बघा, बाकी बाहेर आल्यावर.

८. मोबाइलवाल्यांसाठी

तुम्ही मागे नाही आहात. नव्या मोबाइलला इथे चांगलं जमतं. फक्त ०.५ची अतिवाइड लेन्स टाळा, तिचा सेन्सर लहान असतो आणि अंधारात फोटो पिठूळ येतो. १च्या लेन्सने काढा. भिंतीच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड अडकून राहतो, मग बोट खाली सरकवून फोटो जरा काळवंडू द्या. नाइट मोड आपोआप चालू झाला तर बंद करा, नाहीतर चालणारी माणसं भुतासारखी पसरतात. गाईड पुष्कळदा मोबाइल मागून घेतात आणि उबदार रंगाचा फिल्टर लावून देतात. फोटो छान दिसतात, पण फिल्टर नंतर घरीही लावता येतो. लेन्स दर दहा मिनिटांनी पुसा.

९. पाऊस: इथे हट्ट नको

१२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटेलोपमध्ये अचानक पुराचा लोंढा आला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. घळीपाशी पाऊस जेमतेम होता. तो पडला होता कित्येक मैल वर, पाणलोटात. त्या वेळच्या लाकडी शिड्या जाऊन आता खडकात पक्के बसवलेले लोखंडी जिने आले, हवामानावर सतत लक्ष असतं.

आपल्याकडे सांदण दरीत पावसाळ्यात कुणी उतरत नाही, त्याचं कारण इथेही तेच आहे. (सांदणचा काळा बेसाल्ट उजेड पिऊन टाकतो, म्हणून तिथे ही केशरी झळाळी नाही. पण अरुंद जागेत हातात कॅमेरा धरून कमी उजेडात काढायचा सराव करायला ती उत्तम.) ॲरिझोनालाही पावसाळा आहे, जुलै ते सप्टेंबर. माथ्यावर निरभ्र आकाश असताना टूर रद्द झाली तर खिडकीवर भांडू नका. बुकिंग करतानाच रद्द झाल्यास पैसे परत की दुसरी वेळ, हे वाचून ठेवा, आणि या महिन्यांत येत असाल तर पेजमध्ये दोन रात्री राहा.

१०. बाहेर आल्यावर

गाडीत बसल्याबसल्या कॅमेरा उघडू नका. आधी हाताने दाबायच्या हवेच्या फुग्याने बाहेरची वाळू उडवा, मग मऊ ब्रश, मग कपडा. आधी कपडा फिरवलात तर वाळूच काचेवर घासाल. झूम रिंग फिरवताना करकर ऐकू आली तर ती जबरदस्तीने फिरवू नका, सर्व्हिसिंगला द्या.

एडिट करताना सॅच्युरेशनला (रंगाच्या भडकपणाला) हात लावायच्या आधी व्हाइट बॅलन्स हलवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. जांभळा रंग सावलीत असतो, सावल्या फार उजळल्या की तो जातो. वरची कड जळलेली असेल तर कापून टाका.

ट्रायपॉडशिवाय समाधानच होत नसेल, तर पेजच्या आसपास नावाहो जमिनीवर इतरही लहान घळी आहेत आणि तिथे छोट्या गटांच्या टूर जातात. ट्रायपॉड चालतो का, गटात किती जण आणि आत किती वेळ, हे तीन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.